हिंगोली जिल्ह्यातील विद्यापीठीय शिक्षण : प्रवेश, खर्च आणि पदवीपूर्ती

हिंगोली जिल्हा हा नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील चार जिल्ह्यांपैकी एक आहे. नांदेड, लातूर आणि परभणी हे उर्वरित तीन जिल्हे होत. कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांत पदवी घेणाऱ्या जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांचा प्रवेश, परीक्षा आणि पदवी या तिन्ही गोष्टी या सार्वजनिक विद्यापीठाच्या नियमांनी ठरतात. प्रवेश कसा मिळतो, शिक्षणास प्रत्यक्ष किती खर्च येतो आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचतात, हे तीन प्रश्न विद्यार्थी व पालक यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे माहितीपत्रकात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा 'निकालाची टक्केवारी' या आकड्यात शोधले जाते. निकालाची टक्केवारी आणि पदवीपूर्तीचे प्रमाण या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत.

पार्श्वभूमी

मराठवाडा हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९१८ मध्ये स्थापन झालेले हैदराबाद येथील उस्मानिया विद्यापीठ हेच या प्रदेशातील उच्च शिक्षणाचे केंद्र होते आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलखातील मुलांना पदवीसाठी दूरच्या शहरात आणि परक्या माध्यमात शिकावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५० मध्ये, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि प्रदेशातील महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली.

मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन करून १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन करण्यात आले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) यांचे नाव त्यास देण्यात आले. डॉ. जनार्दन वाघमारे हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होत. विद्यापीठाचा परिसर नांदेड शहरालगत विष्णुपुरी येथे असून तो 'ज्ञानतीर्थ' या नावाने ओळखला जातो.

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. नागरी लोकसंख्येचे प्रमाण सुमारे १५ टक्के असल्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग खेड्यांतून येतो, हे पुढील सर्व आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

विद्यापीठाची रचना आणि जिल्ह्यातील महाविद्यालये

नांदेडचे विद्यापीठ हे 'संलग्नता देणारे' विद्यापीठ आहे. याचा अर्थ असा की, विद्यापीठाच्या नावाने पदवी घेणारे बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या परिसरात शिकत नाहीत. ते आपापल्या गावातील वा तालुक्यातील संलग्न महाविद्यालयात शिकतात. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे ही कामे विद्यापीठ करते. परिसरातील विभागांना 'संकुल' म्हणतात. भाषा, सामाजिक शास्त्रे, माध्यमशास्त्र, रसायनशास्त्र, जैवशास्त्र, संगणकशास्त्र इत्यादी संकुलांत मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार अभ्यासक्रमांची विभागणी विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखांत केली जाते.

जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयांत हिंगोली येथील आदर्श महाविद्यालय, वसमत येथील बहिर्जी स्मारक महाविद्यालय, सेनगाव येथील तोष्णीवाल महाविद्यालय, औंढा नागनाथ येथील नागनाथ महाविद्यालय, कळमनुरी येथील कै. शंकरराव सातव महाविद्यालय आणि आखाडा बाळापूर येथील नारायणराव वाघमारे महाविद्यालय यांचा समावेश होतो. याखेरीज विद्यापीठाचे स्वतःचे न्यू मॉडेल डिग्री कॉलेज हिंगोली येथे आहे.

या शेवटच्या महाविद्यालयाच्या नावामागे एक आकडा आहे. अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७–२०१२) उच्च शिक्षणातील नोंदणी राष्ट्रीय सरासरीपेक्षा, म्हणजे त्या वेळच्या १२.४ टक्क्यांपेक्षा, कमी असलेले देशातील ३७४ जिल्हे 'शैक्षणिकदृष्ट्या मागास' म्हणून निश्चित करण्यात आले. अशा प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श पदवी महाविद्यालय असावे, अशी ती योजना होती. महाराष्ट्रातील सात जिल्हे या यादीत होते : बुलढाणा, गडचिरोली, हिंगोली, जालना, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग.

जिल्ह्यातील सर्वच विद्यार्थी नांदेडच्या विद्यापीठाचे नसतात. वैद्यकीय व परिचर्या शिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि कृषी शिक्षण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचा समावेश असून त्याची वार्षिक प्रवेशक्षमता १०० आहे. नोकरी वा घर सांभाळून शिकणारे अनेक जण नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या (स्थापना १९८९) अभ्यासकेंद्रांत नाव नोंदवतात. त्यामुळे 'जिल्ह्यातील पदवीधर' आणि 'नांदेड विद्यापीठाचे पदवीधर' हे दोन आकडे एकच नव्हेत.

प्रवेश

पारंपरिक पदवी अभ्यासक्रम

बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. या अभ्यासक्रमांना बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर प्रवेश मिळतो. बी.एस्सी.साठी बारावीत विज्ञान शाखा आवश्यक असते, बी.ए.ला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी जाऊ शकतो. प्रवेश महाविद्यालयाच्या पातळीवर होतो आणि मागणी जागांपेक्षा अधिक असल्यास गुणवत्ता यादी लावली जाते. हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थी बारावीची परीक्षा राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागातून देतात, तर नांदेड व लातूर हे जिल्हे लातूर विभागीय मंडळात येतात. विद्यापीठ एक आणि विभागीय मंडळे दोन, अशी ही स्थिती आहे. बारावीच्या विभागवार निकालावरून विद्यापीठाच्या प्रवेशाचा अंदाज बांधताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचे प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र आणि शिक्षणात खंड पडला असल्यास त्याविषयीचे शपथपत्र ही कागदपत्रे मागितली जातात. दुसऱ्या विद्यापीठातून वा अन्य राज्याच्या मंडळातून आलेल्या विद्यार्थ्यास स्थलांतर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि विद्यापीठ त्याची पात्रता तपासते. पात्रता निश्चित होईपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो.

व्यावसायिक अभ्यासक्रम

विधी, शिक्षणशास्त्र, अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, व्यवस्थापन इत्यादी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या यांच्या आधारे होतात. विनाअनुदानित खासगी व्यावसायिक संस्थांतील प्रवेश व शुल्क यांचे नियमन २०१५ च्या राज्य कायद्याने केले जाते आणि अशा संस्थांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते.

आरक्षण

शासकीय व अनुदानित संस्थांतील जागांचे सामाजिक आरक्षण राज्यभर सारखे आहे :

अनुसूचित जाती – १३ टक्के
अनुसूचित जमाती – ७ टक्के
विमुक्त जाती (अ) – ३ टक्के
भटक्या जमाती (ब) – २.५ टक्के
भटक्या जमाती (क) – ३.५ टक्के
भटक्या जमाती (ड) – २ टक्के
इतर मागास वर्ग – १९ टक्के
विशेष मागास प्रवर्ग – २ टक्के
सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग – १० टक्के (२०२४ च्या कायद्यानुसार)
आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक – १० टक्के

राखीव जागेवरील प्रवेश टिकवण्यासाठी अनेक अभ्यासक्रमांत जातवैधता प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर करावे लागते. जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र ही दोन वेगवेगळी कागदपत्रे आहेत. पहिले महसूल अधिकारी देतात, दुसरे पडताळणी समिती जुन्या नोंदी तपासून देते आणि त्यास वेळ लागतो. म्हणून विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी अकरावी-बारावीतच त्यासाठी अर्ज करणे इष्ट ठरते.

प्रवेशक्षमता आणि प्रत्यक्ष प्रवेश

प्रत्येक तुकडीला ठरावीक मंजूर प्रवेशक्षमता असते. भारतात एखाद्या विद्यापीठाविषयी 'किती अर्जांपैकी किती स्वीकारले' हा आकडा फारसा प्रचारात नाही, कारण संलग्न महाविद्यालयांत अर्ज वेगवेगळे केले जातात आणि एकच विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करतो. येथे अधिक अर्थपूर्ण आकडा म्हणजे मंजूर जागांपैकी भरलेल्या जागांचे प्रमाण. ग्रामीण महाविद्यालयातील पारंपरिक शाखेत बहुधा 'प्रवेश मिळेल का' यापेक्षा 'प्रवेश घेतल्यावर टिकता येईल का' हा प्रश्न मोठा असतो.

सकल नोंदणी प्रमाण

१८ ते २३ या वयोगटातील लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणात नाव नोंदविलेल्या विद्यार्थ्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे सकल नोंदणी प्रमाण होय. केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये ते भारतात २८.४ आणि महाराष्ट्रात ३५.३ होते. त्याच वर्षी देशात मुलींचे प्रमाण २८.५ आणि मुलांचे २८.३ होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे.

या आकड्याच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे त्यात वयाची अट केवळ भाजकाला आहे. नोंदविलेला विद्यार्थी तीस वर्षांचा असला तरी तो अंशात मोजला जातो. दुसरी अधिक महत्त्वाची मर्यादा अशी की, हे प्रमाण नाव नोंदविल्याचे आहे, शिक्षण पूर्ण केल्याचे नव्हे. प्रथम वर्षात नाव घालून दिवाळीनंतर महाविद्यालयात न आलेला विद्यार्थीही त्यात असू शकतो.

खर्च

महाविद्यालयाचे शुल्क

शुल्काच्या पावतीत शिक्षण शुल्क, प्रवेश शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा, विद्यार्थी कल्याण, ओळखपत्र, पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क आणि परत मिळणारी अनामत रक्कम अशा अनेक बाबी असतात. महाविद्यालय अनुदानित आहे की विनाअनुदानित, यावर एकूण रक्कम मुख्यतः अवलंबून असते. अनुदानित तुकडीत शिक्षकांचे वेतन शासन देते. त्यामुळे कला वा वाणिज्य शाखेचे वार्षिक शुल्क सामान्यतः काही हजार रुपयांत राहते. विनाअनुदानित तुकडीत शिक्षकांच्या वेतनाचा भार शुल्कावर पडतो. एकाच महाविद्यालयात काही विषय अनुदानित आणि काही विनाअनुदानित असू शकतात. म्हणून 'महाविद्यालय अनुदानित आहे का' यापेक्षा 'ही तुकडी अनुदानित आहे का' असे विचारणे योग्य ठरते.

शुल्काबाहेरील खर्च

ग्रामीण विद्यार्थ्याच्या बाबतीत शुल्क हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो. प्रवास, खोलीभाडे, खानावळ, पुस्तके, मोबाइल व इंटरनेट आणि शेतात वा मजुरीला न गेल्यामुळे बुडणारे उत्पन्न हे मोठे भाग होत. हिंगोलीहून नांदेड रस्त्याने ऐंशीहून अधिक किलोमीटर आहे. वसमतहून ते अंतर निम्म्याहून कमी भरते. हिंगोली हे अकोला–पूर्णा लोहमार्गावर असल्याने पूर्णामार्गे रेल्वेनेही नांदेडला जाता येते. वसमतचा विद्यार्थी रोज नांदेडला ये-जा करू शकतो. सेनगाव तालुक्यातील विद्यार्थ्यास मात्र नांदेडला शिकायचे तर तेथेच राहावे लागते. एकच शुल्क भरणाऱ्या या दोघांचा प्रत्यक्ष खर्च त्यामुळे फार भिन्न असतो. राज्य परिवहन महामंडळाच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे त्यांना एकतृतीयांश भाडे द्यावे लागते. मात्र गावाहून सकाळच्या तासाला पोहोचविणारी बस असेल, तरच या सवलतीचा उपयोग होतो.

शिष्यवृत्ती व सवलती

बहुतेक शासकीय शिष्यवृत्तींचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. त्यांतील प्रमुख योजना पुढीलप्रमाणे आहेत :

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. तीत शुल्क आणि निर्वाह भत्ता यांचा समावेश होतो.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती : ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी आहे.

मुलींसाठी शुल्कमाफी : ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांचा पूर्ण लाभ २०२४-२५ पासून मिळतो. त्यापूर्वी तो ५० टक्के होता.

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना : शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनासाठी २०१६-१७ पासून सुरू आहे. मूळ रचनेत वार्षिक रक्कम शहराच्या वर्गानुसार ४३,००० ते ६०,००० रुपये होती. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत.

कमवा आणि शिका : कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजविलेल्या या कल्पनेनुसार विद्यार्थ्यास ग्रंथालय, कार्यालय वा परिसरातील काम देऊन तासाप्रमाणे मोबदला दिला जातो.

शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. ती मिळण्यास वेळ लागतो. शुल्क, खोलीभाडे आणि खानावळीचे पैसे मात्र आधी द्यावे लागतात. कागदावर जवळजवळ मोफत असलेले शिक्षण प्रत्यक्षात कर्ज काढून घ्यावे लागते, ते या मधल्या काळामुळे. दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते आणि नूतनीकरण न झाल्यास पुढील वर्षाचा लाभ थांबतो.

प्रवेश रद्द केल्यास परतावा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने शुल्कपरताव्याचे पुढील टप्पे ठरविले :

प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपूर्वी १५ दिवस वा अधिक – १०० टक्के (प्रक्रियाशुल्क कमाल ५ टक्के व ५,००० रुपयांच्या आत)
अंतिम तारखेपूर्वी १५ दिवसांहून कमी – ९० टक्के
अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत – ८० टक्के
१५ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत – ५० टक्के
३० दिवसांनंतर – परतावा नाही

नंतरच्या काही वर्षांत आयोगाने ठरावीक तारखेपर्यंत पूर्ण परताव्याच्या स्वतंत्र सूचनाही दिल्या आहेत. अनामत रक्कम या टप्प्यांपासून वेगळी असून ती परत मिळते.

परीक्षा, श्रेयांक आणि पदवी

पदवी अभ्यासक्रम सत्र पद्धतीने चालतो. वर्षात दोन सत्रे आणि हिवाळी व उन्हाळी अशा दोन परीक्षा असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या प्रथम वर्षास लागू झाली. तीत शिक्षण श्रेयांकांत मोजले जाते. तात्त्विक विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रातील १५ तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिकासाठी तेवढ्याच श्रेयांकास ३० तास लागतात. २० एप्रिल २०२३ च्या शासननिर्णयातील टप्पे असे आहेत :

एक वर्ष – ४० ते ४४ श्रेयांक – प्रमाणपत्र
दोन वर्षे – ८० ते ८८ श्रेयांक – पदविका
तीन वर्षे – १२० ते १३२ श्रेयांक – पदवी
चार वर्षे – १६० ते १७६ श्रेयांक – ऑनर्स पदवी

मिळविलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. मध्येच शिक्षण थांबविलेल्या विद्यार्थ्यास पुढे त्यांच्या आधारे परत प्रवेश घेता यावा, हा त्यामागील उद्देश होय. पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडताना प्रमाणपत्र वा पदविका मिळविण्यासाठी विहित अतिरिक्त कौशल्य-श्रेयांकही पूर्ण करावे लागतात.

काही विषयांत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी नियमांच्या मर्यादेत पुढील वर्षात जाऊ शकतो. यालाच 'एटीकेटी' म्हणतात. त्याचे राहिलेले विषय पुढील परीक्षांत सोडवावे लागतात आणि ते सुटेपर्यंत पदवी मिळत नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ८९ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठाने प्रयत्न करावयाचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत तो लावावयाचा असतो. निकालास विलंब झाला, तर पदव्युत्तर प्रवेश आणि नोकरीचे अर्ज या दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याची संधी हुकू शकते.

निकाल आणि पदवीपूर्ती यांतील फरक

निकालाची टक्केवारी म्हणजे परीक्षेस बसलेल्यांपैकी उत्तीर्ण झालेल्यांचे शेकडा प्रमाण. पदवीपूर्तीचे प्रमाण म्हणजे तीन वर्षांपूर्वी प्रथम वर्षात प्रवेश घेतलेल्यांपैकी विहित मुदतीत पदवी मिळविलेल्यांचे प्रमाण. दोहोंत अंश जवळजवळ सारखा असतो, भाजक बदलतो. पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

समजा, एका तुकडीची मंजूर क्षमता १२० आहे. प्रथम वर्षात १०० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाच्या अखेरच्या परीक्षेस त्यांतील ७० जण बसले आणि ५६ जण सर्व विषयांत उत्तीर्ण होऊन पदवीस पात्र झाले. तर :

परीक्षेस बसलेल्यांच्या तुलनेत (५६/७०) – ८० टक्के
प्रवेश घेतलेल्यांच्या तुलनेत (५६/१००) – ५६ टक्के
मंजूर जागांच्या तुलनेत (५६/१२०) – सुमारे ४७ टक्के

तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्ही त्याच ५६ विद्यार्थ्यांविषयी आहेत. महाविद्यालयाच्या फलकावर '८० टक्के निकाल' असे लिहिण्यात खोटे काहीच नाही. मात्र वाटेत गळालेले ३० जण त्या फलकावर कोठेही येत नाहीत. राहिलेल्यांपैकी आणखी ८ जण पुढील दोन वर्षांत विषय सोडवून उत्तीर्ण झाले, तर पाच वर्षांतील पदवीपूर्ती ६४ टक्के होईल. म्हणून कालमर्यादा सांगितल्यावाचून पदवीपूर्तीचा आकडा अपुरा असतो.

गळणारे सर्वच विद्यार्थी शिक्षण सोडतात असे नाही. कोणी परिचर्या, आयटीआय वा व्यावसायिक अभ्यासक्रमास जातो, कोणी दुसऱ्या महाविद्यालयात बदली घेतो, कोणी पोलीस वा सैन्यभरतीत निवडला जातो. परंतु कोणास मजुरीसाठी गाव सोडावे लागते, कोणी हळद काढणी-शिजवणीच्या हंगामात घरी थांबतो आणि परीक्षा हुकते, कोणा मुलीचे दुसऱ्या वर्षात लग्न होते. या सर्वांची नोंद वर्गाच्या हजेरीपटावर एकाच प्रकारे होते : नावापुढे 'गैरहजर'. मुलींच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यावे लागते. परीक्षेस बसलेल्या मुलींचा निकाल चांगला लागला, तरी प्रथम वर्षात आलेल्या किती मुली त्या परीक्षेपर्यंत पोहोचल्या, हे त्यावरून कळत नाही.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने महाविद्यालयांना पदवीपूर्तीचे प्रमाण जाहीर करणे बंधनकारक झाले. तेथे एका वर्षी प्रथमच व पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचा एक गट धरला जातो आणि अभ्यासक्रमाच्या दीडपट कालावधीत, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांत, त्यांपैकी किती जणांनी त्याच संस्थेतून पदवी घेतली हे मोजले जाते. २०१४ मध्ये प्रवेश घेतलेल्या गटाचे हे राष्ट्रीय प्रमाण ६४ टक्के होते. त्या पद्धतीतही दोष आहे : बदली घेऊन दुसरीकडे पदवी मिळविलेला विद्यार्थी पहिल्या संस्थेच्या हिशेबात अपूर्णच राहतो. तथापि तेथे भाजक 'प्रवेश घेतलेले' हा आहे, 'परीक्षेस बसलेले' हा नव्हे.

आकडेवारी कोठे मिळते

राष्ट्रीय संस्था क्रमवारी आराखडा, म्हणजेच एनआयआरएफ, याची पहिली क्रमवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात भाग घेणाऱ्या संस्थेस एक माहितीतक्ता भरून तो आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो तक्ता सर्वांत उपयुक्त आहे, कारण प्रवेश, खर्च आणि पदवीपूर्ती या तिन्हींचे आकडे त्यात एकत्र येतात. मंजूर क्षमता, प्रथम वर्षात प्रत्यक्ष प्रवेश घेतलेले, किमान विहित मुदतीत पदवी पूर्ण केलेले, नोकरी मिळालेले, उच्च शिक्षणास गेलेले, तसेच शासनाकडून वा संस्थेकडून पूर्ण शिक्षण शुल्काचा परतावा मिळालेले विद्यार्थी असे त्याचे रकाने आहेत. संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाच्या तक्त्यात मात्र संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थी मोजले जात नाहीत. विष्णुपुरीच्या परिसराचा आकडा सेनगावच्या महाविद्यालयास लावता येत नाही. त्यासाठी त्या महाविद्यालयाचाच तक्ता पाहावा लागतो.

बंगळूर येथील राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेकडे, म्हणजे नॅककडे, महाविद्यालयाने सादर केलेल्या स्वयंअध्ययन अहवालातही भरलेल्या जागांचे प्रमाण आणि अंतिम वर्षाच्या परीक्षेतील उत्तीर्णांचे प्रमाण दिलेले असते. अनुदानित महाविद्यालयाकडून माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये वर्षवार प्रवेशसंख्या व उत्तीर्णसंख्या मागता येते. तीन वर्षांपूर्वीच्या प्रथम वर्षाची प्रवेशसंख्या आणि यंदा पदवीस पात्र ठरलेल्यांची संख्या, एवढे दोन आकडे हाती असले की पदवीपूर्तीचा स्थूल अंदाज येतो.

आकडे वाचताना घ्यावयाची काळजी

दीक्षान्त समारंभात जाहीर होणारी पदवीसंख्या ही त्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांची संख्या असतेच असे नाही. तीत मागील वर्षांत विषय सोडविलेले विद्यार्थीही असतात.

२०२० व २०२१ या वर्षांतील निकालांची तुलना इतर वर्षांशी करता येत नाही. कोविड साथीच्या काळात, २८ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, अंतिम वर्षाच्या परीक्षा बदललेल्या स्वरूपात घेतल्या गेल्या.

लहान तुकडीतील टक्केवारी फसवी असते. १२ विद्यार्थ्यांच्या वर्गात एक जण अनुत्तीर्ण झाला, तरी निकाल ८ टक्क्यांहून अधिक घसरतो.

कमी पदवीपूर्ती हे नेहमीच कमी दर्जाच्या अध्यापनाचे लक्षण नसते. जे महाविद्यालय कमी गुणांच्या, घरातील पहिल्याच पिढीत शिकणाऱ्या आणि दूरच्या वाडी-तांड्यांवरून येणाऱ्या मुलांना दार उघडे ठेवते, त्याचा आकडा निवडक गुणवंतांना घेणाऱ्या शहरी महाविद्यालयाहून कमी असणे स्वाभाविक आहे. अशी तुलना सारख्या प्रकारच्या महाविद्यालयांत, सारख्या शाखांत आणि एकाच महाविद्यालयाच्या निरनिराळ्या वर्षांत केली तरच ती न्याय्य ठरते. दुसऱ्या बाजूने, महाविद्यालयात दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा हिशेब ठेवला गेला, तरच कोणत्या सत्रानंतर, कोणत्या गावची आणि कोणत्या कारणाने मुले थांबतात, हे कळू शकते. जिथे मुले थांबतात तिथेच बस, वसतिगृह वा वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती यांची गरज असते.

हे सुद्धा पहा

हिंगोली जिल्हा
स्वामी रामानंद तीर्थ
मराठवाडा मुक्तिसंग्राम
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ